शब्दचर्चा : 'दामेलो' कोशात का सापडत नाही?

प्रश्न
स्पॅनिशच्या प्राथमिक वर्गाला जाते आहे. धड्यातल्या संवादात 'दामेलो' आलं. कोश उघडला तर पत्ताच नाही, 'दामे'सुद्धा नाही. मूळ क्रियापद 'दार' म्हणजे देणे, एवढं कळलं. पण हे मे, लो कधी मागे चिकटतात आणि कधी पुढे सुटे येतात? 'नो मे लो देस' असंही त्याच पानावर आहे. जाणकारांनी उलगडून सांगावं.

उत्तर
कोशात 'दार'च मिळणार. आपल्याकडेही 'देऊस' शोधायला गेलात तर 'देणे'वरच यावं लागतं. 'दामेलो'चे तुकडे पाडा: दा (दे) + मे (मला) + लो (ते). आपण 'मला ते दे' म्हणतो. मला आधी, ते नंतर, हा क्रम तिथेही तसाच. फक्त क्रियापद पुढे जाऊन बसलं आणि लिहिताना सगळं एक झालं.

सर्वनाम मागे चिकटतं ते तीनच ठिकाणी. होकारार्थी आज्ञेत (दामेलो), मूळ धातुरूपात (दारमेलो, म्हणजे मला ते देणं) आणि 'देत' या अर्थाच्या रूपात (दान्दोमेलो). बाकी सगळीकडे ते क्रियापदाच्या आधी आणि सुटं. नकारार्थी आज्ञाही या 'बाकी'तच मोडते. 'नो मे लो देस' शब्दाखाली शब्द ठेवून पाहा: नको मला ते देऊस. मराठी माणसाला हे वाक्य फुकटात मिळालंय, पाठ करायची गरज नाही!

दोन क्रियापदं असतील तर मुभा आहे. 'मी तुला ते देणार आहे' हे 'वॉय आ दारतेलो' किंवा 'ते लो वॉय आ दार', दोन्ही बरोबर. सर्वनामं मधेच घुसवायची मात्र नाहीत.

लिहिताना आघातचिन्हाकडे लक्ष द्या. 'दामे'वर चिन्ह नाही, 'दामेलो'त मात्र 'दा'च्या स्वरावर तिरकी रेघ हवी. जोर दोन्हीकडे 'दा'वरच आहे, पण मागे एक अक्षर वाढलं की तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर जातो, आणि तिथे चिन्ह द्यावंच लागतं. जुन्या पुस्तकात 'देमे' (मला द्या) चिन्हासकट दिसलं तर गोंधळू नका. 1999च्या शुद्धलेखन नियमांपासून ते चिन्ह गेलं.

प्रश्नकर्ती
खूप आभार. मग 'लो' आणि 'ला' यांत मराठी लिंग धरून चालेल का?

उत्तर
मुळीच नाही, इथेच बहुतेकांची गाडी घसरते. मीठ आपल्याकडे नपुंसकलिंगी, स्पॅनिशमध्ये 'ला साल' स्त्रीलिंगी, म्हणून मीठ मागताना 'दामेला'. साखर आपली स्त्रीलिंगी, तिकडे 'एल आसुकार' सहसा पुल्लिंगी, म्हणून 'दामेलो'. वस्तू कुठलीही असो, लिंग तिथल्या शब्दाचं.

आणखी एक खाचखळगा आत्ताच सांगतो. 'त्याला ते दे' हे 'दालेलो' होत नाही, 'दासेलो' होतं. 'ले' आणि 'लो' शेजारी आले की 'ले'चा 'से' होतो. हा 'स्वतःला' या अर्थाचा 'से' नव्हे. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये इथे 'झेलो'च्या जवळपासचा उच्चार होता, पुढे तो बदलत 'से'मध्ये मिसळून गेला. परिणाम असा की नुसत्या 'दासेलो'त त्याला, तिला, त्यांना सगळेच बसतात. म्हणून लोक पुढे जोडतात: 'दासेलो आ तू एर्माना', तुझ्या बहिणीला दे ते. सर्वनामही आलं आणि नामही. आपल्या कानाला द्विरुक्ती वाटते, तिकडे हेच सहज बोलणं.

दुसरं उत्तर
व्याकरण झालं, आता वापर. पाठ्यपुस्तकातलं 'दामे उन काफे' सगळीकडे सारखं शोभत नाही. स्पेनमधल्या बारमध्ये 'पोनमे उन काफे' चालतं, शब्दशः 'मला एक कॉफी ठेव', आणि ते कुणाला उद्धटही वाटत नाही. कोलंबियात हेच 'रेगालेमे उन तिंतो' होतं. 'रेगालार' म्हणजे भेट देणे, पण गैरसमज नको, पैसे पुरते मोजावे लागतात. तिथला 'तिंतो' म्हणजे काळी कॉफी. माद्रिदमध्ये 'तिंतो' मागितलात तर समोर रेड वाइन येईल!

सगळ्यात मजेदार गोष्ट एक्वाडोरच्या डोंगराळ भागातली, क्विटोकडची. तिथे 'दामे'च्या मागे दुसरं क्रियापद लावतात: 'दामे सेरान्दो ला पुएर्ता'. इतर स्पॅनिशभाषकाला हे 'दार बंद करत मला दे' असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. आपल्याला? 'मला दार बंद करून दे.' बस, एवढंच! 'दामे त्रायेन्दो एल लिब्रो' म्हणजे 'मला पुस्तक आणून दे'. हातात काही द्यायचं नाही, 'माझ्यासाठी कर' एवढाच अर्थ उरलेला. आज्ञेची धार बोथट होते आणि विनंती मऊ वाटते, अगदी आपल्या 'करून दे'सारखी. ही रचना तिथल्या किचवा भाषेच्या प्रभावातून आली असं बहुतेक अभ्यासक मानतात. मराठीशी संबंध अर्थातच काही नाही. पण माद्रिदच्या माणसाला समजावून सांगावं लागेल ते सांगलीच्या माणसाला आपसूक कळतं, हे मला फार आवडतं. परीक्षेत मात्र लिहू नका, ते प्रादेशिकच आहे.

तिसरं उत्तर
गोव्याकडच्या जुन्या पिढीत पोर्तुगीज शिकलेले कुणी घरी असतील तर त्यांना विचारून पाहा. पोर्तुगीजमध्येही सर्वनाम मागे लागतं, पण मधे संयोगरेषा देऊन: 'दा-मे'. 'मला ते' तर आकसून एकच 'मु' होतं. आणि भविष्यकाळात, औपचारिक लिखाणात, सर्वनाम क्रियापदाच्या चक्क पोटात शिरतं: 'दार-मे-आ', तो मला देईल. ब्राझीलमध्ये बोलताना मात्र सरळ 'मे दा'. त्या मानाने स्पॅनिश गरीब गाय.

प्रश्नकर्ती
शेवटचं एक. 'वामोनोस'मध्ये (चला, निघू या) 'वामोस'चा 'स' कुठे गेला?

उत्तर
'नोस' लागताना आधीचा 'स' गळतो. 'देमोसेलो'तही (आपण त्याला ते देऊ या) दोन 'स'ऐवजी एकच राहतो. स्पेनमधल्या अनेकवचनी आज्ञेत असाच 'द' गळतो: 'सेंताद' + 'ओस' = 'सेंताओस', बसा. अपवाद 'इदोस', निघा. पण बोलताना बहुसंख्य लोक 'ईरोस'च म्हणत राहिले, आणि 2017मध्ये स्पॅनिश अकादमीने तेही मान्य करून टाकलं. फक्त या एकाच क्रियापदापुरतं. 'सेंतारोस' लिहिलंत तर गुण जाणारच.