‘सोअर’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दशोधक

प्रौढ विद्यार्थ्यांना व्यवहारातले इंग्रजी शिकवण्यासाठी ‘प्रकृती आणि डॉक्टरांची भेट’ हा पाठ मी सध्या लिहीत आहे. पाठाच्या शेवटी दोन रकान्यांची शब्दसूची द्यायची आहे. अडचण अशी की ‘हर्ट’, ‘पेन’, ‘सोअर’ आणि ‘हेडेक’मधला ‘एक्’ या चारही शब्दांसमोर ‘दुखणे’ हाच शब्द लिहावा लागत आहे, आणि अशी सूची विद्यार्थ्याला काहीच शिकवत नाही. बाकीच्या तिघांचे कसेबसे निभावता येईल. ‘सोअर’ मात्र कुठेच बसत नाही. घसा ‘सोअर’ असेल तर तो खवखवतो, व्यायामानंतर स्नायू ‘सोअर’ झाले तर अंग आंबते, आणि जखमेभोवतीची कातडी ‘सोअर’ असेल तर ती हुळहुळते. एका विशेषणासाठी तीन क्रियापदे होतात. या तिन्हींना सामावून घेणारा एखादा मराठी शब्द कोणाच्या स्मरणात आहे काय?

जाता जाता दुसरी गोष्टही विचारते. ‘माय हेड इज पेनिंग’ हे वाक्य मी चूक म्हणून खोडले, तेव्हा वर्गातल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने हरकत घेतली. नोकरीत असताना सर्व सहकारी असेच बोलत आणि कोणाचेही कधी अडले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना नेमके काय उत्तर द्यावे?

जुनी वही

त्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांची बाजू आपण समजता तितकी लंगडी नाही. मोठ्या इंग्रजी कोशांत ‘पेन’ हे अकर्मक क्रियापद म्हणूनही नोंदलेले आहे. आजच्या बोलण्यात ते मागे पडले आहे, इतकेच. ‘इट पेन्स मी टु से’ यासारख्या मनाच्या दुःखाच्या वाक्यांत ते सकर्मक रूपात टिकले आणि शरीराच्या दुःखाचा भार ‘हर्ट’ने उचलला. त्यामुळे ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘मराठीच्या वळणाचे’ म्हणावे, हे अधिक न्याय्य होईल. आपण ‘माझे डोके दुखते आहे’ म्हणतो, तेव्हा डोके कर्ता असते आणि दुखणे ही त्याची क्रिया असते. इंग्रजी माणूस त्याच दुखण्याची वस्तू करतो आणि ती स्वतःच्या मालकीची ठरवतो: ‘आय हॅव अ हेडेक’.

या चार शब्दांचे कूळही पाहण्यासारखे आहे. ‘पेन’ हा लॅटिनमधल्या ‘पोएना’पासून आला, त्याचा अर्थ शिक्षा किंवा दंड असा होता, म्हणजे ‘पेनल्टी’ ही त्याची सख्खी बहीण ठरते. ‘एक्’चे स्पेलिंग आज जसे आहे तसे रूढ होण्यामागे सॅम्युएल जॉन्सन यांच्या 1755च्या कोशाचा मोठा हात आहे, कारण हा शब्द ग्रीक असल्याची त्यांची समजूत झाली होती, वस्तुतः तो अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे. ‘सोअर’ही तसाच जुना, आणि ‘सॉरी’ त्याच्याच पोटचा. सॉरी म्हणणारा माणूस मुळात ‘मला दुखते आहे’ असेच सांगत होता.

परिचारिका

व्युत्पत्ती रंजक आहे. परंतु खाटेवर पडलेल्या माणसाला ती उपयोगी पडत नाही. मी ज्या विभागात काम करते, तेथे मराठी न समजणारे डॉक्टर अनेकदा असतात आणि दुभाष्याचे काम माझ्याकडे येते. त्या अनुभवावरून सांगते की मराठी माणसाची अडचण ‘दुखणे’ या शब्दाआधीच, म्हणजे अवयवापाशी सुरू होते. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत असतो, इंग्रजीत त्याचे ‘आर्म’ आणि ‘हँड’ असे दोन तुकडे होतात. ‘पाय’ या एका शब्दात ‘लेग’ आणि ‘फूट’ दोन्ही येतात, आणि ‘बोट’ हाताचे की पायाचे, हे इंग्रजीत आधीच ठरवावे लागते. ‘कंबर’ हा तर हमखास चकवा आहे. शाळेत ‘वेस्ट’ पाठ केलेले असते, म्हणून माणूस ‘माय वेस्ट इज पेनिंग’ म्हणतो, आणि त्याला सांगायचे असते ते ‘लोअर बॅक’चे दुखणे.

त्यापुढचा प्रश्न दुखण्याच्या जातीचा. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली मॅकगिल विद्यापीठातून वेदना मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे वर्णन करणारी 78 विशेषणे 20 गटांत मांडलेली आहेत, आणि रुग्णाने आपल्या वेदनेला लागू पडणारी निवडायची असतात. ती वाचताना मला वाटले की एवढ्या शब्दांची आपल्याला मुळीच भीती बाळगायला नको, कारण ठसठसणे, ठणकणे, चमकणे, टोचणे, खुपणे, जळजळणे, कळ येणे, मुरडा येणे, गोळा येणे, रग लागणे हे शब्द तर घरोघरी आहेत. ‘शूल’ म्हणजे मूळचा भाला. तेव्हा ‘स्टॅबिंग’ ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. मराठीत एवढे बारकावे सांगू शकणारा माणूस इंग्रजीत शिरताच सगळ्याचे ‘पेन’ करून टाकतो, आणि डॉक्टरांना हवी असलेली खूण तेथेच हरवते. ठसठसते की जळजळते, यावरून तपासणीची दिशा बदलू शकते.

म्हणून माझी विनंती अशी की हा शब्दांचा रकाना काढूनच टाकावा आणि त्याऐवजी पूर्ण वाक्ये द्यावीत. ‘गिळताना दुखते’ यासाठी ‘इट हर्ट्स व्हेन आय स्वॉलो’ हे वाक्य तोंडात बसले, तर ‘सोअर’चा अर्थ कोणी विचारणार नाही. कालावधीचे वाक्यही पक्के करून घ्यावे. ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ याचे ‘आय हॅव फीवर सिन्स थ्री डेज’ असे शब्दशः रूपांतर जवळजवळ प्रत्येक जण करतो. तेथे ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’ हवे.

अनुस्वार

मूळ प्रश्नातल्या एका गोष्टीकडे कोणाचेही लक्ष गेलेले दिसत नाही. पाठाचे शीर्षकच ‘डॉक्टरांची भेट’ असे आहे. मराठी माणूस डॉक्टरांची भेट घेत नाही. तो डॉक्टरांकडे जातो किंवा डॉक्टरांना दाखवून येतो. ‘व्हिजिट’ समोर ठेवून मराठी लिहिले की असे होते. इंग्रजीत माणूस डॉक्टरला पाहतो, ‘सी अ डॉक्टर’ म्हणतो. मराठीत आपण स्वतःला, मुलाला, सुजलेल्या पायाला डॉक्टरांपुढे नेऊन दाखवतो. आपले विद्यार्थी ‘आय शोड टु डॉक्टर’ म्हणतात ते या दाखवण्यामुळे. त्यांचे इंग्रजी सुधारण्याच्या भरात शिक्षकांचे मराठीच इंग्रजी होऊ लागले, तर तो सौदा महाग पडेल.

तीच गोष्ट ‘पेशंट’ची. ‘दुखणाईत’ हा किती नेमका शब्द आपल्याकडे होता! ‘दुखणे’ हे क्रियापद, ‘जुने दुखणे’ हे नाम, आणि ते भोगणारा दुखणाईत, अशी सगळी मांडणी एकाच धातूवर उभी होती. निदान ‘रुग्ण’ तरी म्हणावे.

काठावरचा

‘रुग्ण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘रुज्’ म्हणजे मोडणे या धातूपासून आला, म्हणजे त्याचा मूळ अर्थ ‘मोडलेला’ असा होतो. ‘पेशंट’ म्हणजे सोसणारा. मी आजारी पडलो, तर मला दुसरे नाव अधिक आवडेल. विनोद बाजूला ठेवतो. परंतु शुद्धतेची रेघ आपण नेमकी कोठे ओढणार आहात? ‘आजारी’ फारसीतून आला, ‘सर्दी’ही फारसी, ‘तब्येत’ अरबीतून आली, आणि ‘दवाखाना’ निम्मा अरबी व निम्मा फारसी आहे. हे सगळे काढून टाकले, तर मराठी माणसाला आजारीसुद्धा पडता येणार नाही. गंमत अशी की ‘तब्येत’ आणि ‘प्रकृती’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ स्वभाव असाच आहे. दोन वेगळ्या भाषांनी एकाच वाटेने येऊन आरोग्याला गाठले.

मी अनुवादाची कामे करतो आणि माझी काळजी निराळी आहे. मराठीत राहून अर्थ बदललेले इंग्रजी शब्दच मला अधिक धोक्याचे वाटतात. ‘मला बीपी आहे’ या वाक्यावर परदेशी डॉक्टर मनात म्हणेल की रक्तदाब तर प्रत्येक जिवंत माणसाला असतो. ‘शुगर आहे’ याचीही तीच गत. ‘सलाईन लावले’ म्हणजे ‘ड्रिप’ हे त्याला कदाचित कळेल. पण ‘पित्त झाले’ याचे ‘बाइल’ केले, तर तो यकृताचा विचार करू लागेल, आणि आपल्याला सांगायची असते छातीतली जळजळ. तिला इंग्रजीत ‘हार्टबर्न’ म्हणतात, आणि ते ऐकून आपला विद्यार्थी हृदयविकाराच्या धास्तीने अर्धमेला होतो. अंगावर उठणारे पित्त आणखी निराळे. त्याला ‘हाइव्ज’ म्हणावे लागते.

ही केवळ शब्दांची मौज नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात 1980 साली एका 18 वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. त्याच्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबीयांनी ‘इंतोक्सिकादो’ असा शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, एवढेच त्यांना म्हणायचे होते. परंतु तो इंग्रजी ‘इंटॉक्सिकेटेड’ समजला गेला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो वाचला, परंतु त्याचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले. ‘बाधणे’ हा आपलाही शब्द आहे, आणि त्याला सरळ इंग्रजी प्रतिशब्द आपल्याकडेही नाही.

ढ विद्यार्थी

आमच्या वर्गात ‘व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर टुडे?’ या प्रश्नाला एका गृहस्थांनी अत्यंत गंभीरपणे ‘बस’ असे उत्तर दिले होते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती. पाठात डॉक्टरांचे प्रश्नही द्यावेत, एवढेच सुचवतो.

शब्दशोधक

सूचना मान्य आहे. ‘व्हॉट सीम्स टु बी द ट्रबल?’ आणि ‘आर यू ऑन एनी मेडिकेशन?’ हे प्रश्न मी घेतलेच आहेत. ‘थ्रो अप’, ‘पास आउट’ अशी जोडक्रियापदेही घालते, कारण ‘व्हॉमिट’ आणि ‘फेंट’ पाठ असलेला विद्यार्थी त्यांच्यापुढे थबकतो. शीर्षकाबद्दल अनुस्वार यांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. मात्र ‘डॉक्टरांना दाखवणे’ हे पाठाचे नाव मला किंचित घरगुती वाटते.

परिचारिकाताईंच्या सूचनेबद्दल एक शंका आहे. पूर्ण वाक्ये पाठ केलेला विद्यार्थी ठरलेल्या वाक्याबाहेर पडला की अडतो. ‘हेडेक’, ‘टूथेक’, ‘इअरेक’, ‘बॅकेक’, ‘स्टमकेक’ अशा मोजक्या शब्दांवरच इंग्रजी थांबते आणि गुडघ्याला ‘नी पेन’ म्हणते, हे त्याला कोणी सांगितले नाही, तर तो ‘नीएक्’ असा नवा शब्द तयार करील. त्यातही ब्रिटिश माणूस ‘आय हॅव टूथेक’ असे ‘अ’ न लावता म्हणू शकतो. ‘हेडेक’ला मात्र ‘अ’ लावावाच लागतो. हे नियम सूचीतच नीट मांडता येतात. म्हणून ‘सोअर’चे काय करायचे, ते कृपया कोणी सांगावे.

जुनी वही

बाधण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून ‘जुलाब’ या शब्दाविषयी लिहितो. फारसीत ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. ते अरबीत ‘जुलाब’ झाले, गोड पेयाला आणि औषधी सरबताला त्याचे नाव मिळाले, आणि आपल्याकडे येईपर्यंत ते पोट साफ करणाऱ्या औषधाचे व पुढे त्या त्रासाचेच नाव बनले. तोच शब्द पश्चिमेकडे गेला आणि इंग्रजीत ‘ज्यूलेप’ या पेयाचे नाव झाला. एका सुवासाची दोन टोके इतकी लांब गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

‘पडसे’ मात्र आपले. ते संस्कृतातल्या ‘प्रतिश्याय’पासून आले, आणि सर्दीने त्याला हळूहळू घराबाहेर काढले.

अनुस्वार

पडसे घराबाहेर गेले याचे आपल्याला दुःख आहे, आणि दुखणाईत गेला तर मात्र हरकत नाही, हे कोडे मला उलगडलेले नाही. काठावरचा यांना एवढेच सांगतो की फारसी शब्द मराठीत आले ते मराठीच्या विभक्ती घेऊन आले, आणि ‘सर्दीने’, ‘तब्येतीला’ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. ‘बीपी’ अजून उंबऱ्यावरच उभे आहे.

काठावरचा

‘बीपीने हैराण झालो’, ‘बीपीची गोळी’ आणि ‘बीपीला काय घेता’ ही वाक्ये मी आज दुपारपर्यंतच ऐकली आहेत. विभक्ती हीच कसोटी असेल, तर ते उंबरा ओलांडून केव्हाच आत आले आहे.

परिचारिका

आपण दोघेही ज्या शब्दांविषयी बोलत आहात, ते चारचौघांत उच्चारता येतात. ज्यांचा उच्चार करताना माणूस खाली पाहतो, त्यांचे पाठात काय करणार आहात? ‘शौच’ म्हणजे मुळात शुचिता, ‘पाळी’ म्हणजे वेळ किंवा क्रम, आणि ‘दिवस गेले’ यात तर गरोदरपणाचा उल्लेखही नाही. इंग्रजीतही ‘पीरियड’ म्हणजे कालखंडच, आणि ‘बॉवेल मूव्हमेंट’ म्हणजे आतड्यांची हालचाल. एका बाईंना डॉक्टरांनी ‘व्हेन वॉज युअर लास्ट पीरियड?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी शाळा कोणत्या वर्षी सोडली ते सांगितले. मी शेजारी होते म्हणून ते निस्तरले. या प्रश्नांची सोपी, न लाजता उच्चारता येतील अशी इंग्रजी उत्तरे विद्यार्थ्यांना आधी शिकवावीत, असा माझा आग्रह आहे, आणि ती वर्गात स्त्री-पुरुष एकत्र असताना कशी शिकवावीत, हे येथल्या शिक्षकांपैकी कोणी सांगितले तर बरे होईल.

अनुस्वार

त्याआधी ‘पाळी’च्या व्युत्पत्तीबद्दल बोलले पाहिजे. तिचा अर्थ नुसता ‘वेळ’ असा देता येणार नाही.