वूफर फरफरतो म्हणजे कॉइल गेली असं नाही
फरफरणारा वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) कॉइल (आतली तारेची गुंडाळी) गेली म्हणून सरळ बदलायला कुणी सांगितलं, तर थांबा! आधी कोनभोवतीचा (कोन म्हणजे समोरचा हलणारा पडदा) फोमचा कडा हलकेच दाबा. चुरा झाला तर दोष तिथंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, टिनाखालच्या खोलीत तर फोम आणखीच लवकर सडतो. रबराचा कडा बराच टिकतो. तारा सोडवून मल्टिमीटर (ओहम मोजायचं यंत्र) लावा: ८ ओहमच्या वूफरला साधारण ५.५ ते ७ ओहम दिसले, तर कॉइल तुटलेली नाही.

जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढा. नवा फोम आधी कोनला, मग फ्रेमला. फ्रेमला लावताना ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू वाजवत कोन मधोमध आणा, खरखर थांबेपर्यंत. इथंच बहुतेकांचं काम बिघडतं. २४ तास हात लावू नका. शेवटी जोडीतल्या दोन्ही वूफरना दीड व्होल्टचा सेल सारख्याच बाजूनं क्षणभर लावा. दोन्ही कोन एकाच दिशेनं सरकले पाहिजेत, नाहीतर बेस गायब.