मदत हवी आहे: हृदयाचं मशीन आणि निकेलची ॲलर्जी

राम राम मंडळी, आम्ही भुसावळचे. आप्पांना डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदय फुगून त्याचा स्नायू कमजोर होणं) आहे, पंपिंग २५ टक्क्यांवर आलंय, डॉक्टर आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं मशीन) बसवा म्हणतात. पण आप्पांना पट्ट्याच्या बकलनं, घड्याळाच्या साखळीनंसुद्धा चट्टे उठतात. उमेदीची वर्षं निकेल प्लेटिंगमध्ये गेलेली. मशीनची डबी टायटॅनियमची असते हे ठाऊक आहे. वायरी, स्क्रूंचं काय? बसवण्याआधी कुणी पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून ॲलर्जी बघतात ती) केली आहे का? जळगाव, धुळे की नाशिक, कुठे होते?

दुसरं, १९६०च्या दशकात कॅनडात बिअरच्या फेसासाठी घातलेल्या कोबाल्टनं लोकांच्या हृदयाचे स्नायू निकामी झाले होते. (आप्पा माळकरी, बिअरचा प्रश्नच नाही.) प्लेटिंगच्या वाफेचा असा संबंध तपासायला कुठल्या डॉक्टरांकडे जावं? अनुभव असलेल्यांनीच सांगा, काढे नकोत.