शॅमेलिऑनची पिल्ले वाटीतले पाणी पीत नाहीत

प्रश्न : मी जर्मनीत राहतो. येमेनी शॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या सरड्याची) दोन महिन्यांची तीन पिल्ले एकाच पिंजऱ्यात आहेत. वाटीतल्या पाण्याला ती तोंड लावत नाहीत आणि एकाचे डोळे खोल गेले आहेत. काय करावे?

उत्तर १ : डोळे खोल जाणे हे अंगातले पाणी कमी झाल्याचे लक्षण आहे, त्यामुळे त्याला आजच पशुवैद्याकडे न्यावे. साचलेले पाणी हा प्राणी सहसा ओळखत नाही. पानांवर बारीक फवारा मारल्यास तो थेंब टिपतो.

उत्तर २ : तिघांना वेगळे, परस्परांच्या नजरेआड ठेवावे, कारण दबलेले पिल्लू खाणेपिणे सोडते. लहान रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यावेत. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर ते कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडतात.

प्रश्नकर्ता : पशुवैद्याकडे निघालो आहे. फवारा मारताच त्याने मनीप्लांटच्या पानाच्या टोकावरचा थेंब हळूच टिपला.