सूडपटातली बाई: राग तिचा, सोय आपली?

शिलाईमशीन:
रविवारी कोथरूडला मैत्रिणीकडे आम्ही पाचजणींनी 'अज्जी' (२०१७, देवाशिष मखिजा) पाहिला. गोष्ट थोडक्यात अशी: शिवणकाम करणारी म्हातारी, तिच्या लहानग्या नातीवर बलात्कार, करणारा वजनदार घरातला, पोलीस हात वर करतात. मग आजी खाटकाकडे जाऊन मांस कापायला शिकते. सुषमा देशपांडे आहेत त्यात. 'व्हय मी सावित्रीबाई' करणाऱ्या त्याच. एकच बाई रंगमंचावर पाटी-पेन्सिल देते आणि पडद्यावर सुरा उचलते, याने मी आधीच हलले होते.

शेवटी चौघींनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचलले नाहीत. मला भिडलं ते खाटकाचं दुकान. म्हातारे हात, न जमणारा घाव, पुन्हा प्रयत्न. नेहमीच्या सूडपटात नायिका एका गाण्यात तयार होते, कपडे घट्ट होतात, केस मोकळे सुटतात आणि दहा गडी आडवे. पोलीस, कोर्ट, शेजारी, या सगळ्यांचं काम तिच्या एकटीच्या अंगावर टाकून आपण पॉपकॉर्नचा डबा कचऱ्यात टाकतो आणि घरी जातो. हा तिचा सन्मान वाटत नाही मला. बिनपगारी ड्युटी वाटते.

शनिवारातला:
पुरुष हिरो पन्नास वर्षं गुंडांना लोळवतोय, तेव्हा कुणाला धागा काढावासा वाटला नाही. बाईने सुरा उचलला की लगेच मूल्यशिक्षणाचा तास! सिनेमा आहे हो, नगरपालिकेचा ठराव नाही.

साडेबाराची_कॅब:
मी टाळ्या वाजवते. मोठ्याने वाजवते. हिंजवडीत रात्रपाळी करते. २००७ साली इथल्याच एका बीपीओतली मुलगी रात्रपाळीला निघाली, ती कंपनीच्या कॅबमध्ये बसली, ड्रायव्हर आणि त्याच्या मित्राने तिला गहुंज्याकडे नेऊन बलात्कार करून मारलं. २०१२ला फाशीची शिक्षा. २०१५ला सुप्रीम कोर्टात कायम. २०१९ला उच्च न्यायालयाने उशीर झाला म्हणून ती ३५ वर्षांच्या कैदेवर आणली. हे डोक्यात घेऊन कॅबच्या मागच्या सीटवर रोज बसणाऱ्या बाईला दोन तास कुणीतरी जिंकताना बघायचं असेल, तर तिला दुकानातल्या घावांची सौंदर्यदृष्टी शिकवू नका.

काळा_कोट:
एक दुरुस्ती. तो उशीर खटल्यातला नव्हता. दयेचे अर्ज निकाली काढण्यात आणि नंतर वॉरंट निघण्यात वेळ गेला. म्हणजे राग रास्त आहे, पण सुरा कुणावर धरायचा? फायलीवर? सूडपटात फाईल कधी खलनायक नसते, कारण तिला चेहरा नसतो.

आणि कायद्याचं म्हणाल तर स्वसंरक्षणाचा हक्क धोका असेपर्यंतच. धार लावून, पाळत ठेवून केलेला तो खून. आजीलासुद्धा हेच लागू. तरी मी निराश नाही. मथुरा प्रकरणात, म्हणजे पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, तेव्हा पुढच्या वर्षी चार कायदेअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातल्या वसुधा धागमवार पुण्याच्या. मग बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ला कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात बाई 'संमती नव्हती' म्हणाली तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. १९८०च्या 'इन्साफ का तराजू'त मात्र नायिका आधी कोर्टात हरते, मग बंदूक उचलते. गाजली ती बंदूक. पत्रावर कोण सिनेमा काढणार?

शनिवारातला:
काढा की! चार बायका-पुरुष टाईपरायटरभोवती, मध्यंतरानंतर पोस्टात रांग. मी तिकीट घेईन, पण झोपलो तर उठवू नका.

मिरचीपूड:
नागपूरचं कसं विसरता? १३ ऑगस्ट २००४, कस्तुरबानगरातल्या बायकांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात संपवलं. तिथे कुठली फाईल आणि कुठलं पत्र?

शिलाईमशीन:
विसरले नाही. तोच माझा मुद्दा आहे. वस्तीने वर्षानुवर्षं सोसलं, तक्रारी वाया गेल्या, आणि मग जमाव गेला. कुणी एक नायिका नव्हती. आम्हा सगळ्यांना धरा, असं बायका म्हणत होत्या. २०१४ला आरोपी पुराव्याअभावी सुटले. सिनेमाला मात्र एकच चेहरा पोस्टरवर लागतो. वस्ती पोस्टरवर मावत नाही.

कॅबवाली, तुझ्याशी भांडण नाही गं. तुझी टाळी कुठून येते ते कळतं मला. माझा प्रश्न बाकीच्या टाळ्यांचा आहे.

साडेबाराची_कॅब:
पटलं असं म्हणणार नाही, आणि वाजवायची थांबणारही नाही. पण बाकीच्या टाळ्यांवरून आठवलं. मागे ऑफिसातले आम्ही सगळे असाच एक सिनेमा बघायला सिंहगड रोडला गेलो होतो. नायिकेने पहिला माणूस पाडला तेव्हा सगळ्यात मोठी शिट्टी आमच्या टीम लीडची होती. रात्रीच्या कॅबमध्ये गार्ड द्या, असा माझा मेल त्याने तोवर तीन आठवडे उघडलाही नव्हता.