सॉफ्ट हॅकल माशीसाठी फेझंटची पिसं: १४ नंबरच्या गळावर झाडू होतोय, सल्ला द्या

गळ_आणि_गाळ (नागपूर)
नमस्कार मंडळी. मार्चअखेर हिमाचलला तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जायचं ठरलंय. गेल्या वेळी मित्राच्या डब्यातल्या माशा (गळावर पिसं-दोरा बांधून केलेले नकली किडे) उसन्या घेतल्या, त्यातल्या अर्ध्या झाडांना लटकवून आलो. यंदा स्वतःच बांधीन असं घरी जाहीर करून बसलोय, त्यामुळे आता माघार नाही.

ओळखीत एकांकडे पाळलेले रिंगनेक फेझंट आहेत. पिंजऱ्यात गळालेली पिसं त्यांनी पिशवीभर दिली, नराची आणि मादीची मिसळून. पण सॉफ्ट हॅकलसाठी, म्हणजे मऊ पिसाचे वेढे घेतलेल्या माशीसाठी, १४ नंबरच्या गळावर (नंबर वाढतो तसा गळ लहान) गुंडाळायला गेलो की माशी न होता झाडू होतो. देठ जाड, दुसऱ्या वेढ्याला कट्कन तुटतो, आणि तंतू गळाच्या बाहेर हातभर. या ढिगातलं नेमकं कोणतं पीस घ्यायचं? आणि फेझंट जमलंच नाही तर नागपुरात दुसरं काय मिळेल?

जुना_गळकरी
भाऊ, फेझंट हा मोठा पक्षी आहे, त्याची बहुतेक पिसं १४ नंबरसाठी नाहीतच. आधी ढीग निवडायला बसा, तांदूळ निवडतो तसे.

मादीची पाठीवरची आणि खांद्याची बदामी, ठिपक्याठिपक्यांची पिसं १० आणि १२ नंबरला ठेवा. १४-१६ साठी मादीच्याच पंखाच्या पुढच्या कडेला जी बारकी पिसं असतात ना, ती हवीत. हाताला लागत नाहीत इतकी लहान असतात, म्हणून लोक फेकून देतात. नराच्या कमरेवरची हिरवट-राखाडी पिसं मोठ्या माशीला सुंदर, पाण्यात हलतातही छान, पण लहान गळाला नको.

आता देठाचं. तुम्ही पीस बुडाकडून बांधत असणार. उलटं करा, शेंड्याकडून बांधा. तिथे देठ केसासारखा असतो आणि गुंडाळताना वळतो. खालचा कापूस आधी ओढून टाका. चमकदार बाजू बाहेर, म्हणजे तंतू मागे झुकतात. तंतूंची लांबी गळाच्या वाकापर्यंत पोचेल इतकी, आणि वेढे दीड. फार झालं तर दोन. तिसरा वेढा घ्यायचा मोह झाला की उठून पाणी पिऊन या.

त्यातूनही देठ तुटलाच तर एका बाजूचे सगळे तंतू सोलून काढा, अर्ध्या पिसाचा देठ मऊ वळतो.

कन्हानकाठ
देठाची कटकटच नको असेल तर पीस गुंडाळूच नका. तंतूंची एक छोटी चिमूट कापा, त्यांची टोकं गळाच्या डोळ्याच्या पुढे येतील असे दोऱ्याखाली धरा, दोरा सैल सोडून आवळा म्हणजे ते आपोआप चारही बाजूंना पसरतात. मग सगळे मागे लोटा आणि समोरून दोन-तीन वेढे मारून बसवा. १६ नंबरलाही मोठं पीस चालून जातं. मी बहुतेक अशाच बांधतो.

जुना_गळकरी
चालतं, नाही म्हणत नाही. पण गुंडाळलेल्या पिसाचा डौल त्यात येत नाही. माझं मत.

बर्डीवाली
उन्हाळ्यात कूलरसमोर पिसं घेऊन बसू नका एवढाच माझा सल्ला 😄 मागच्या मे महिन्यात माझी अर्धी पिशवी हॉलभर झाली होती, भाऊजींच्या ताटातसुद्धा. आणि आपल्या नागपूरच्या उन्हात पिसं कोरडी ठक्क होतात, देठ तुटायचं तेही एक कारण आहे. चहाच्या भांड्याच्या वाफेवर क्षणभर धरा, मऊ पडतात, वाकडी असतील तर सरळही होतात.

गळ_आणि_गाळ दादा, पिसं आणल्या आणल्या धुतली का? पिंजऱ्यातली आहेत म्हणून विचारतेय. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मग पेपरवर सुकवायची. नंतर बंद पिशवीत फ्रीजरमध्ये काही दिवस, बाहेर काढून पुन्हा एकदा आत. किड्यांची अंडी एका थंडीत मरतीलच असं नाही. सासूबाईंना विचारल्याशिवाय फ्रीजर वापरू नका.

इतवारी_बारीकसारीक
नागपुरात पर्याय भरपूर आहेत हो. लहान गळासाठी मला फेझंटपेक्षा बटेर आवडते. पाळीव जपानी बटेर, मटणाच्या बाजारात जिथे मिळते तिथे विचारा, मानेची आणि पाठीची पिसं असं म्हटलं की दुकानदार आधी हसतो, मग फुकट देतो. रंग अगदी तितराच्या जवळ जातो. यॉर्कशायरकडे नारिंगी रेशमावर राखाडी तितराचं पीस बांधतात ना, ती जुनी स्पायडर माशी मी बटेरीवरच बांधतो. गावरान कोंबडीची मानेची पिसंही मऊ असतात. कोंबड्याची मात्र घेऊ नका, ती ताठ, कोरड्या म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या माशीची.

माशीच्या अंगासाठी कोसा (टसर रेशीम) वापरून बघा! आपल्या भंडारा-आरमोरीकडचा कोसा, न रंगवलेला. नैसर्गिक बदामी रंग आहे, भिजला की गडद होतो आणि किड्याच्या अंगासारखा दिसतो. विणकरांकडून लडीतला उरलेला तुकडा मिळाला तरी वर्षभर पुरतो. थोडं मधमाशीचं मेण लावून घ्या, नाहीतर तंतू सुटतात.

आणि नराची शेपटी फेकू नका राजेहो. तिचे तांबूस तंतू म्हणजे फेझंट टेल निम्फ, पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी माशी. विल्टशायरमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांची ही माशी. ते तिच्यात दोरा वापरतच नसत, तांब्याच्या तारेनेच बांधायचे. तार हवी असेल तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे जा, ३८ गेजची, ०.१५ मिमीची. ३६ जरा जाड पडते. रीळ घेऊ नका, तो कापून दहा-बारा हात देतो. माझ्या वाइंडिंगवाल्याने विचारलं, कशाला हवी? म्हटलं, मासे पकडायला. तेव्हापासून तो मला जरा लांबूनच बोलतो.

सेमिनरी_हिल्स
एक गोष्ट गंभीरपणे. पाळलेल्या रिंगनेकची पिसं ठीक. पण रामटेक-पेंचकडे फिरताना रानकोंबडीचं किंवा तितराचं पीस दिसलं तर उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पक्षी येतात, त्यांची पिसं बाळगणं अंगलट येऊ शकतं. रानकोंबड्याच्या मानेवरच्या त्या मेणचट ठिपक्यांच्या पिसांना परदेशी सॅमन माशीवाले वेड्यासारखे शोधतात, पण आपण त्या भानगडीत पडायचं नाही. हिमाचलात मोनाल, जुजुराणा या रानपक्ष्यांचंही तेच. गळालेल्या मोरपिसाला देशात मात्र सूट आहे, बाहेर पाठवायला नाही.

हिमाचलात ट्राउटसाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. मार्चअखेर म्हणजे तुमची वेळ बरोबर आहे.

कन्हानकाठ
अन् तीर्थनपर्यंत हात शिवशिवत असतील तर सराव इथे करा. पण तोतलाडोह नको, तो व्याघ्र प्रकल्पात आहे. बाकी तलावांवरही मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारूनच. मी नदीच्या उथळ पाण्यात, सकाळी सात-आठला, १४ नंबरच्या बटेरीवर चिलवा पकडतो. मासा बोटभर, आनंद हातभर.

परदेशातून पिसांचं पाकीट मागवायच्या फंदात पडू नका. माझं एक दोन महिने अडकून परत गेलं, पैसे गेले ते वेगळेच.

गळ_आणि_गाळ
सगळ्यांचे आभार. रविवारी ढीग निवडला. जुना_गळकरी काका, पंखाच्या कडेची बारीक पिसं खरंच होती, मी त्यांचा कचऱ्यात ढीग केला होता, डब्यातून परत काढली. शेंड्याकडून बांधून पहिल्यांदा देठ न तुटता दीड वेढा झाला. माशी काचेच्या ग्लासात सोडली तर तंतू हळूच उघडले, मिटले. बायको म्हणाली, हे जिवंत आहे का?

सात बांधल्या, पाच ठीक. दोन अजूनही झाडूच, त्या दाखवणार नाही.

कोसा मिळाला नाही. इतवारी_बारीकसारीक भाऊ, तुमच्याकडे लडीचा तुकडा असेल तर नराच्या शेपट्या देतो बदल्यात, माझ्याकडे अकरा आहेत.

इतवारी_बारीकसारीक
चार द्या, कोसा आणून देतो. शनिवारी संध्याकाळी बर्डीला या, तर्री पोहे तुमच्याकडून.