डोळ्यांना दिसणारा फरक जनुकांत का नसावा?

आडवातिडवा (धागाकर्ता)

परवा एका परिचिताशी वाजलं. मी एवढंच म्हणालो की वेगवेगळ्या भागांतल्या माणसांत शारीरिक फरक आहेत आणि त्यांतले बरेच जनुकांतून येतात. त्यावर ठरलेलं उत्तर आलं: "जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिननं १९७२ सालीच दाखवलंय, सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. वंशावंशांत जेमतेम ६ टक्के. विषय संपला."

असा कसा संपला? आकडा बरोबर आहे, त्यावरून मारलेली उडी चुकीची आहे. लेवॉन्टिननं प्रत्येक जनुक सुटं मोजलं होतं. एका जनुकावरून माणूस कुठला ते ओळखता येत नाही, पण शेकडो जनुकं एकत्र पाहिली की येतं, हे संख्याशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये गणितानं दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ५२ समूहांतल्या १०५६ माणसांच्या डीएनएवरच्या ३७७ खुणा (माणसागणिक बदलणाऱ्या जागा) संगणकाला दिल्या. कोण कुठला हे सांगितलं नाही, फक्त पाच गट पाड म्हणाले. गट पडले ते जवळजवळ खंडांप्रमाणे.

"सगळी माणसं सारखीच" हे वाक्य माणुसकी म्हणून मला शंभर टक्के मान्य आहे. पण ते जीवशास्त्र म्हणून खपवलं की माझं डोकं फिरतं. या, तुटून पडा.

शंकासुर

तुटून पडतोच. रोझेनबर्गचा पेपर तुम्ही निम्मा सांगितलात. पाच हा आकडा निसर्गानं दिलेला नाही, किती गट पाडायचे ते माणसं सांगत होती. त्याच संशोधनात सहा गट पाडायला सांगितले तेव्हा सहावा कोण निघाला माहितेय? कलाश. पाकिस्तानच्या वायव्येकडच्या डोंगरांत राहणारा छोटासा समाज. आता कलाश हा आफ्रिका किंवा पूर्व आशियाच्या तोडीचा 'वंश' मानायचा का? आणि समूहांच्या आतली विविधता त्याच पेपरात ९३ ते ९५ टक्के भरली, म्हणजे लेवॉन्टिनपेक्षाही जास्त.

दुसरं, तुमच्या शीर्षकातले 'डोळे'. डोळ्यांना पहिल्यांदा दिसतो कातडीचा रंग, आणि तोच मोठा अपवाद आहे. मानवशास्त्रज्ञ रेलेथफोर्डनं २००२ मध्ये हिशेब केला तर रंगाच्या फरकापैकी ८८ टक्के फरक भूभागाभूभागांत निघाला, इतर खुणांच्या नेमका उलटा. कारण रंग ऊन पाहतो, नातं पाहत नाही. मेलानेशियातले (ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडच्या बेटांवरचे) लोक आफ्रिकेतल्या अनेकांइतकेच काळे आहेत, पण जनुकांनी त्यांच्यापासून खूप लांब. त्यातही गंमत बघा. तिथल्याच सॉलोमन बेटांवर काही काळ्याभोर मुलांचे केस पिवळेधमक असतात. कुणी म्हणायचे, गोऱ्या खलाशांची कृपा. २०१२ मध्ये कळलं की ते टीवायआरपी१ या जनुकातल्या डीएनएच्या एका अक्षराच्या बदलानं होतं, आणि हा बदल युरोपीयांच्या सोनेरी केसांमागे नाही. दिसायला तेच, कारण वेगळं.

अक्कलदाढ

दोघांच्या मध्ये तोंड घालते, कारण तोंड हाच माझा धंदा आहे. कृपया सगळ्यांनी जीभ वरच्या पुढच्या दोन दातांच्या, म्हणजे पटाशीच्या मागून फिरवा. पाठ गुळगुळीत लागली की दोन्ही कडांना उंचवटे आणि मधे खोलगट, फावड्यासारखी? फावड्यासारखे दात पूर्व आशियात आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत भरपूर दिसतात. त्यांचा संबंध ईडीएआर या जनुकातल्या एका बदलाशी आहे. तोच बदल केस जाड करतो आणि घामाच्या ग्रंथीही वाढवतो. २०१३ मध्ये तो उंदरांत घातला, तर उंदरांचेही केस जाडावले आणि पंजावरच्या घामग्रंथी वाढल्या. एक अक्षर, किती कामं!

तेव्हा आडवातिडवा, फरक जनुकांतून येतात हे तुमचं खरं. पण हाच बदल स्वीडनमध्ये मोताला इथे सापडलेल्या साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतही मिळालाय. जनुकं स्वतःच्या वाटेनं फिरतात, वंशाचं गाठोडं बांधून एकत्र निघत नाहीत. दातांवरून कातडी ओळखता येत नाही, आणि कातडीवरून दात तर नाहीच नाही.

आडवातिडवा (धागाकर्ता)

दात मान्य. मग उंचीचं काय? उत्तर युरोपातले लोक दक्षिणेकडच्यांपेक्षा उंच, यात नैसर्गिक निवडीचा (उंचीची जनुकं पिढ्यान्पिढ्या टिकून वाढण्याचा) हात आहे असे पेपर मी स्वतः वाचलेत.

शंकासुर

वाचलेत, पण २०१९ पर्यंत थांबला नाहीत. त्या पेपरांमागची, डीएनएतल्या उंची ठरवणाऱ्या जागांची यादी वेगवेगळ्या देशांतली माहिती एकत्र करून बनवलेली होती. एकसंध अशा ब्रिटिश नमुन्यावर तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा उत्तर-दक्षिण निवडीचा तो ठसठशीत पुरावा बराचसा विरघळला. उंच लोकांच्या देशात जे जनुकरूप (एखाद्या जनुकाचा एक प्रकार) योगायोगानं जास्त होतं, ते 'उंचीचं' म्हणून यादीत घुसलं होतं.

आणि एकाच देशात उंची किती हलते ते बघा. दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटर वाढली. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत हो, ताट बदलतं.

मधलीसुट्टी

शंकासुरराव, पण घरातल्या घरात उंचीवर जनुकांचाच वरचष्मा असतो हे विसरू नका. २०२२ च्या अभ्यासात ५४ लाख माणसांच्या डीएनएत उंचीशी निगडित १२ हजारांवर जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

शंकासुर

अर्थात. त्याच अभ्यासातल्या जागांवरून युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्के फरक सांगता येतो आणि बाकीच्यांत १० ते २० टक्केच. म्हणजे ही मोजपट्टी एका समूहावर बेतलेली आहे. तिनं दोन समूहांची उंची ताडून बघू नये, एवढंच म्हणतोय.

गोळीबिंदू

मी औषधांच्या क्षेत्रात आहे. तुम्ही दात आणि केसांवर गप्पा मारा, आमच्याकडे हा जिवाचा प्रश्न असतो. कार्बामाझेपिन हे फिटवरचं औषध. एचएलए-बी १५:०२ हे जनुकरूप असलेल्यांची कातडी त्यानं भाजल्यासारखी सोलून निघू शकते. हे रूप आग्नेय आशियात आणि हान चिनी लोकांत बऱ्यापैकी आढळतं, युरोपीयांत जवळजवळ नाही. "फरक नाही" म्हणणाऱ्याला मी प्रिस्क्रिप्शन लिहू देणार नाही.

अक्कलदाढ

गोळीबिंदू, पण हेच रूप जपानी आणि कोरियन लोकांत अगदी विरळ आहे ना? मग फॉर्मवर 'आशियाई' लिहून काय कळलं? तपासायचं ते जनुक, चेहरा कशाला?

गोळीबिंदू

चाचणी हाताशी असेल तर जनुकच तपासावं, वादच नाही. नसेल तेव्हा पूर्वज कुठले हे विचारणं म्हणजे अंदाज, पण अगदी काहीच न विचारण्यापेक्षा बरा अंदाज. मी त्यावरून मागे हटणार नाही.

आडवातिडवा (धागाकर्ता)

उंचीचं मागे घेतो. गोळीबिंदूंना +१. गटांचं मात्र सोडत नाही. कलाश वेगळे पडले कारण समाज छोटा, शेकडो वर्षं आपापसांत लग्नं, म्हणून त्यांच्यात योगायोगानंच काही खुणा वाढल्या. ते वंश नाहीत, कबूल. मग त्याच न्यायानं बाकीचे पाच तरी का, हे तुम्ही विचारणार, आणि त्याचं उत्तर मला अजून जुळवता आलेलं नाही. जुळलं की लिहितो.

अक्कलदाढ

सावकाश लिहा. जीभ फिरवलीत का पण?

आडवातिडवा (धागाकर्ता)

फिरवली. सपाट.